कॉनरॉडवरची रेघ

खैरापाडा, बोईसर
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही गाडीवर बसलेले नसाल, एवढी एकच आशा धरून लिहायला बसले आहे. आईला आज फोन करून सांगितलंय की किल्ली काढून घे. कारण तिला सांगितलं नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, तेव्हा नेहमीसारखं पत्रच.

बाबा, तुमच्या नव्या मोटरसायकलच्या इंजिनातला कॉनरॉड आमच्या शेडमध्ये बनतो, हे गणपतीत मीच तुम्हाला कौतुकानं सांगितलं होतं. तेवढ्यावर तुम्ही दिवाळीला ती गाडी घेतलीत. पिस्टनचा सगळा मार क्रँकपर्यंत पोचवणारा तो वीतभर दांडा. तुम्ही इथेच पंचवीस वर्षं घणाखाली असलेच दांडे घडवलेत, मी काय वेगळं सांगणार. माझं काम शेवटचं. अंधाऱ्या खोलीत रॉडला चुंबक लावून वर ते चमकणारं पाणी ओतायचं, जांभळ्या दिव्याखाली धरायचा, भेग असली तर हिरवी रेघ पेटते. रेघ दिसली की रॉड लाल पेटीत.

सप्टेंबरात तो दिवा मंद झाला होता. रोज सकाळी मीटर लावून दिव्याचा जोर मोजायचा आणि फॉर्मवर आकडा लिहून सही करायची, असा नियम आहे. मी तीन दिवस मोजलाच नाही. आदल्या दिवशीचा आकडा उतरवला आणि सही केली, कारण ट्रक गेटवर उभा होता आणि सगळे घाई करत होते. त्या तीन दिवसांत दोन हजार रॉड गेले. परवा शिल्लक माल मोजताना त्यातलेच चाळीस एका पेटीत सापडले. सहज म्हणून नव्या दिव्याखाली धरले, तर तीन रॉडांवर रेघ होती, अगदी क्रँककडच्या मोठ्या डोळ्याजवळ.

आमच्या क्वालिटीच्या शैलेश साहेबांना दाखवलं. त्यांनी पेटी कपाटात ठेवली आणि माझ्या सहीचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. बाबा, तुमची गाडी ऑक्टोबरातल्या इंजिनाची आहे. मी तुमच्या पाया पडते, तिला हात लावू नका.

आईस नमस्कार. उलट टपाली दोन ओळी तरी लिहा.

तुमची
उत्कर्षा


मसूर, ता. कराड
११ जानेवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
शिवाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा बाप म्हणून वाचलं, तेव्हा तुझी दया आली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आली नाही.

शोरूममधल्या माणसानं मला हे इंजिन परदेशी म्हणून विकलं होतं. मी त्याला विचारलं, परदेश म्हणजे बोईसरच्या अलीकडं का पलीकडं? तो बावळटासारखा बघत राहिला. ड्रॉइंग पुण्यात, दांडा बोईसरला, जोडणी परत पुण्याकडं, आणि टाकीवरचं नाव तेवढं परदेशातलं. आळीतल्या दहाजणांना मी इंजिनावर बोट ठेवून सांगितलंय की ह्यातला दांडा माझ्या पोरीच्या नजरेखालून गेलाय.

तू तुझ्या बापाला कळवलंस, चांगलं केलंस. दोन हजारांत मी एक. बाकीच्या एक हजार नऊशे नव्व्याण्णव गाड्यांवर कुणाकुणाचा बाप बसतोय, त्यांना कोण कळवणार? तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मी मागची बाजूसुद्धा उलटून बघितली.

तेव्हा माझं ऐक. मी गाडी बंद करणार नाही. रोज सकाळी दुधाचा कॅन बांधून हायवेनं कराडला जाणार. ज्या दिवशी तू इंजिन कंपनीला लेखी कळवशील, त्या दिवशी किल्ली तुझ्या आईकडं देईन. रॉड तुटायच्या आधी बहुतेक वेळा टकटक सुरू होते, हे मला माहीत आहे. घणानं माझे कान नेले, ती टकटक मला ऐकू येणार नाही, हे तुला माहीत आहे. काय ते ठरव.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहेच, पण आज राग जास्त आहे.

शिवाजी


बोईसर
१५ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही असं करूच कसं शकता? आईला फोन केला, तर ती म्हणते, जातात रोज, मी काय करू. तिचा आवाजही कोरडा होता. हायवेवर ते ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि मध्ये तुम्ही, ऐकू न येणारे, असं मला दिवसभर दिसतं. खोलीत रॉड हातात धरते आणि रेघेऐवजी तुमची गाडी दिसते. काल चांगले नगसुद्धा लाल पेटीत टाकले.

कळवायचं म्हणजे काय, ते तुम्हाला इथून गेल्यावर विसरायला झालंय का? शेडमध्ये साठ माणसं आहेत. एक पत्र गेलं की ऑर्डर बंद. आधी मी जाणार, कारण सही माझी. मग बाकीचे. तुमचा जावई दिग्विजय शेजारच्याच प्लॉटवर कामाला आहे, इथे सगळे एकमेकांना ओळखतात, त्यालाही सुखानं राहू देणार नाहीत. त्याला मी हे सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला की बाबांची गाडी थांबव आणि विषय संपव.

मी चुकले, शंभरदा चुकले. पण शिक्षा मला द्या, स्वतःला कशाला देताय? माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, पण गाडी उभी करा.

तुमची अभागी
उत्कर्षा


मसूर
२० जानेवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
आईचा आशीर्वाद.

माझं अक्षर चौथीपर्यंतचं, तेवढं लावून घे. हे आत्ता डेअरीत गेलेत, परत यायच्या आत लिहिते.

बाळ, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. हे गाडी चालवत न्हाईत. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी गाडी गोठ्यात ढकलली, तिचा प्लग काढला आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागं ठेवला. दूध गावातल्याच डेअरीत चालत नेतात. गुडघे सुजलेत, पण सांगायची सोय न्हाई. फोनवर मी तुला खोटं बोलले, कारण हे समोर बसून माझ्या ओठांकडं बघत हुते. कान गेले पण ओठ बरोबर वाचतात, घणाच्या आवाजात सगळे तसंच बोलायचे म्हणं. मला बजावलंय की पोरीला सांगितलंस तर बघ. म्हणून चोरून पत्र.

तुझं दुसरं पत्र वाचून हे जेवले न्हाईत. ताट तसंच सारलं. पण हट्टाला पेटलेत, काय करायचं. तू नोकरी जाईल असं काही करू नकोस. झालं गेलं गंगेला मिळालं. आपला माणूस घरात सुखरूप हाय, आणखी काय पायजे. नीट जेवत जा. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझी आई
इंदुबाई


बोईसर
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

प्लग देव्हाऱ्यात आहे हे मला पंचवीस तारखेलाच कळलं. आईला एका शब्दानं बोलू नका, नाहीतर मी परत पत्र लिहिणार नाही.

तुम्हाला खरं सांगायचंय. आईचं पत्र वाचून मी ढसाढसा रडले आणि मग आठ दिवस मजेत राहिले. सातपाटीच्या काशीबाई दारावर आल्या, त्यांच्याकडून सुके बोंबील घेतले, चटणी केली, पोटभर जेवले. तुम्ही वाचलात म्हणजे सगळं मिटलं, असंच मला वाटत होतं. बाकीच्या गाड्या मला एकदाही आठवल्या नाहीत. तुम्ही पत्राची मागची बाजू उलटून बघितलीत ते बरोबरच होतं.

दोन तारखेला रविवारी सुका दारात आला. विक्रमगडकडचा, आमच्याकडे तेलाच्या टाकीवर असतो. मी पास केलेले रॉड तोच तेलात बुडवून पेटीत भरतो. नवी गाडी, तुम्ही घेतलीत तीच, हँडलला अजून झेंडूची माळ. मागे त्याची बायको जमुना आणि तिच्या मांडीवर वर्षाची मुलगी. म्हणाला, ताई, तुमच्या नजरंखालचा दांडा हाय म्हणून हीच घेतली, आमी दुसरी बघितलीच नाय. मग गाडी चालू करून मला म्हणाला, आवाज आयका. बाबा, माझे दोन्ही कान शाबूत आहेत. मी वाकून ऐकलं. आवाज छान होता. मला काहीही कळलं नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी बंद केली आणि विचारलं, तुमाला कदीपासून ठाव हाय? मी म्हटलं, महिना झाला. जमुनाच बोटं मोजत म्हणाली की महिन्यात आमी चार वेळा घाट चढून जव्हारला गेलो. गाडी माझ्या दारात लावून तिघं चालत निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते तीन रॉड शैलेश साहेबांच्या कपाटातून काढले, चपात्यांच्या फडक्यात गुंडाळून गेटबाहेर आणले आणि इंजिन कंपनीला रजिस्टर टपालानं पाठवले. बरोबर फॉर्मची झेरॉक्स, आणि सही माझी आहे, न मोजता केली आहे, असं लिहून दिलं. पाचव्या दिवशी तिथून कुशल नावाच्या इंजिनियरचा फोन आला. हा रॉड कागदावर काढणारा तोच. दिव्याचा नंबर, तारखा, सगळं विचारलं. सहाव्या दिवशी मला गेटवरच थांबवलं. आता ऑर्डर बंद आहे, साठच्या साठ घरी आहेत. सुकासुद्धा. बाजारात बायका मला बघून रस्ता बदलतात. दिग्विजय आठवडाभर बोलला नाही. सकाळी चहा करून माझ्यापुढे ठेवतो, एवढंच.

सगळ्या गाड्यांना बोलावणं जाईल. तुम्हाला कराडच्या शोरूममधून निरोप येईल, गाडी टेम्पोत घालून न्या, चालवत नेऊ नका. तुमच्या हट्टापायी मी हे केलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून इतकं लांबण लावलं. आहे तो लोभ तेवढाच राहू द्या.

तुमची
उत्कर्षा


मसूर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला काही बोललो नाही. उलट तिनंच मला दोन दिवस ऐकवलं, म्हणजे ओठ हलवून दाखवले.

काल कराडला गाडी उघडली. मी समोर उभा राहिलो. दांडा काढला, पुसला, दिव्याखाली धरला. धडधाकट निघाला. एक रेघ नाही. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. सत्त्याण्णव साली, तू पाळण्यात होतीस, एकदा आमची भट्टी बिघडली. लोखंड तापेना. थंड पडत चाललेलं लोखंड घणाखाली घ्यायचं नसतं, आतून चिरतं, हे शिकाऊ माणसालाही कळतं. फोरमन म्हणाला, मार. मी मारला. चारशे दांडे. कुठल्या गाड्यांत गेले, त्यांचं काय झालं, मला आजतागायत माहीत नाही. मी तीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती, कुणाजवळ बोललो नाही. तेव्हा मला अशी धमकी देणारं घरात कुणी नव्हतं.

तू काही दिवस इकडं ये. जावईबापूंना घेऊन ये. गुडघे बरे आहेत.

शिवाजी


बोईसर
४ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दिग्विजयच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, कधी निघायचं. इतक्या दिवसांत तेवढंच बोलला. रविवारी निघतो.

काल पालघरच्या शोरूममध्ये सुकाची गाडी उघडली. गाडी माझ्याच दारात होती, म्हणून मी गेले. कुशल पुण्याहून हातातलं चुंबक आणि दिवा घेऊन आला होता. भरदुपारी शटर खाली ओढून अंधार केला. त्यानं रॉडवर पाणी ओतलं आणि दिवा लावला. रेघ होती. मोठ्या डोळ्यापासून वर, माझ्या करंगळीच्या पेराएवढी.

सुकानं रॉड हातात घेऊन त्यावर अंगठा फिरवला. ती रेघ अंगठ्याला लागत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यानं दिवा परत लावायला सांगितला आणि जमुनाला जवळ बोलावलं. तिनं पाहिलं, मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि मागं सरकली. त्यानं आणखी एकदा दिवा लावायला सांगितला. या वेळी दिवा मी धरला.

शटर वर गेल्यावर सुकानं मला विचारलं, ताई, आता आमी कुटं जायाचं कामाला? तुमचा रॉड चांगला निघाला, हे त्याला सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

आईला सांगा, रॉड चांगला निघाला तरी प्लग देव्हाऱ्यातच असू दे. बाकी भेटीत.

तुमची
उत्कर्षा