म्हसोबा चुनखडीच्या वाघिणीत गेला त्याबद्दल

मु. खडकीमाळ, ता. कोरेगाव
चैत्र वद्य पंचमी, शके १८६५

चिरंजीव कृष्णात यास बनुबाई आजीचे आशीर्वाद. तुझं पोट, दात आणि सांगलीचं पाणी बरं असेल अशी आशा करते. इकडं सगळे जिवंत आहेत, याहून जास्त विचारू नकोस. (पत्र ज्ञानू गुरुजी लिहितायत. मी रागानं सांगते, ते सभ्यपणानं लिहितात. मधलं तू ओळखून घे.)

लढाई सुरू झाल्यापासून आपल्या खाणीला रेल्वेची वाघीण मिळणं म्हणजे थोरल्या घरची सोयरीक. अकरा दिवसांनी एक आली. ती सहा तासांत चुनखडीनं भरून द्यायची, नाहीतर दंड. तुझा बाप कोंडीबा पडला मुकादम. पाटीवर पाटी ओतली तरी वाघीण वीतभर उणीच, आणि इंजिन तर शिट्ट्या मारतंय. मग कोंडीबानं बाभळीखालचा कोहळ्याएवढा धोंडा स्वतःच्या हातानं उचलून वर टाकला. गाडी गेली. धुरळा बसल्यावर बघतो, तर बाभळीखालचा म्हसोबा जागेवर नाही.

कोंडीबाला तरी काय बोलू? महागाई झाल्यापासून गावानं देवाला शेंदराचं बोट लावलेलं नाही. खाणीची भुकटी बसून तोही बाकीच्या दगडांसारखा पांढराफट्ट झालेला. होता तोवर कुणी वळून बघितलं नाही, गेल्यावर मात्र घरोघर सुतक. बिराप्पाची शेळी मेली (माझ्याच वयाची असेल), शालूबाईची सासू पडली (ती दर सणाला पडते), सगळं कोंडीबाच्या माथी. गडी म्हणतात, "द्येव येईस्तवर आमी दगडाला हात लावायचो न्हाई." परवा दुसरी वाघीण रिकामीच परत गेली. तिसरीही तशीच गेली तर ठेकेदार दुसरा मुकादम आणणार.

कोंडीबा स्टेशनमास्तरला म्हणाला, "आवं सायेब, मिरजंला तार करा, आमचा द्येव हाय त्यात." साहेबानं कागद दाखवला. त्यात माल चुनखडी लिहिलेला. देव असता तर भाडं निराळं पडलं असतं म्हणे.

तू तिकडं चुन्याच्या भट्टीवर आहेस, म्हसोबाची वाघीण तुमच्याकडंच यायची. सध्या ती मिरजेला लष्करी गाड्यांना वाट देत उभी आहे. पोचली की धोंडे उतरवताना डोळे उघडे ठेव. म्हसोबाच्या पाठीकडच्या खोबणीत जुना शेंदूर शिल्लक असेल. भट्टीत गेला तर त्याचा चुना होईल, चुना साखर कारखान्यात उसाच्या रसात जाईल आणि सगळा जिल्हा चहातून आपला म्हसोबा पिईल. खरा देवच आण, दुसरा चालणार नाही, असं गावाचं सांगणं आहे. (सगळे इथंच बसून ऐकतायत.)

तुझी आजी बनुबाई. (खाली अंगठा आहे, शाई सांडलेली नाही.)

ता. क. मंडळी उठून गेली. एवढ्या धोंड्यांत तो सापडायचा नाही, हे मला कळतं. न सापडला तर तेवढाच दुसरा धोंडा बघ, शेंदूर फास आणि पोत्यात घालून घेऊन ये. गाव मानेल. गावाला खाण हवी आहे.

दुसरा ता. क. कोंडीबा मात्र सहज मानायचा नाही. तीन दिवस अन्नाला शिवलेला नाही, आपलेच हात बघत बसतो. तो विचारेल, "त्योच हाय न्हवं?" तेव्हा डोळा न चुकवता व्हय म्हण आणि माझी शपथ घे. खोट्या शपथेनं मरायची ती मीच, आणि मी तशीही निघालेलीच आहे. फक्त लगोलग मेले तर त्याला संशय येईल, म्हणून एवढा पावसाळा थांबायचं बघते.