शैलाच्या आमऱ्यांचं घर

प्रिय शैला,

काल संध्याकाळी जाळीची शेवटची कड बांधली, शिडीवरून उतरलो आणि सवयीने मागे न बघताच म्हणालो, "बघ गं, जमलं का?"

मागे इक्बाल उभा होता. म्हसळ्याचा आपला वेल्डर इक्बाल, हातात पक्कड घेऊन. त्याने वर जाळीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "जमला, मेस्त्री. झकास जमला."

पण उत्तर त्याच्याकडून नको होतं गं मला! म्हणून आज सकाळीच लिहायला बसलोय. तुझं पॉलीहाऊस उभं राहिलं, शैला. माणगावकडून टेम्पोत घालून आणलेलं ते जुनं लोखंड, बौद्धवाडीच्या मागे आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर, खरंच घरासारखं उभं राहिलंय. आणि ते बघायला तू नाहीस. ही काय रीत झाली?

तुला आपली पहिली भेट आठवते? घाटात एसटी बंद पडली म्हणून डेपोतून मला पाठवलं होतं. पाने घेऊन गाडीत चढलो, तर मागच्या सीटवर एक बाई अडलेली आणि तू पदर खोचून तिच्यापाशी. माझ्याकडे न बघताच ओरडलीस, "मेस्त्री, आत्ता इंजिन चालू करायचं नाही! गाडी हलता कामा नये." मी मेकॅनिक, बंद गाडी चालू करायला आलेला माणूस! आणि कंडक्टरसोबत रस्त्याकडेच्या दगडावर मुकाट बसून राहिलो, बाळाच्या रडण्याचा आवाज येईपर्यंत. मग तू खिडकीतून डोकं बाहेर काढलंस आणि अशी हसलीस, की हातातला पाना कुठे ठेवला ते मला नंतर सापडेना.

लग्नानंतरही तसंच चाललं. कधी थांबायचं ते तू सांगायचीस आणि मी थांबायचो. आता सांगणारंच कुणी नाही.

ह्या झाडांचं वेड तुला रस्त्याच्या कामाने लावलं. म्हसळ्याकडचा रस्ता रुंद करायला घेतला आणि दोन्ही बाजूंचे जुने आंबे, जांभळी आडवी व्हायला लागली. आरोग्य उपकेंद्रातली ड्युटी संपवून परत येताना तू स्कूटर थांबवायचीस आणि पडलेल्या खोडांवरून आमऱ्या, तुझी ती ऑर्किडं, सोडवून आणायचीस. मला आधी वाटलं, बांडगुळं गोळा करते ही बाई. तू चिडलीस. "बांडगूळ झाडाचं रक्त पितं. ही नुसती खांद्यावर बसते. हवेत मुळं सोडते आणि मिळेल तेवढ्या पाण्यावर राहते." मग एक लांबट पानांचं रोपटं पुढे केलंस. "ही सीतेची वेणी. मे महिन्यात हिचा गजरा खाली सुटतो. हिला अजून ठाऊकच नाही बघा, झाड पडलंय ते."

त्या वेळी मी हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

पडवीच्या वाशांना नारळाच्या सोडणात बांधलेल्या तुझ्या आमऱ्या लटकायला लागल्या. पण जागा त्यांना मानवेना. उन्हाळ्यात पानं करपायची, पावसाळ्यात पागोळ्यांखाली कुजायची, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा उरलेल्यांना झोडपायचा. तू रोज त्यांच्यापुढे उभी राहायचीस, वॉर्डात राउंड घ्यावा तशी. निवृत्त झालीस त्या आठवड्यातच म्हणालीस, "ह्यांना स्वतःचं छप्पर पाहिजे हो."

मग माणगावकडे तो जरबेरावाला सापडला. फुलांचा धंदा त्याने सोडला होता आणि पॉलीहाऊस रानात तसंच पडलेलं. वरचा प्लास्टिकचा कागद फाटून चिंध्या झालेला, कमानी गंजलेल्या, आत गुडघाभर गवत. मी दारातूनच म्हणालो, "शैला, ह्याचा नुसता सांगाडा उरलाय."

तू आत शिरलीस, बरोबर मध्यावर जाऊन उभी राहिलीस, वर बघितलंस आणि म्हणालीस, "सांगाडाच तर हवाय. कातडं आपण घालू."

त्या शेतकऱ्यालाही हसू आलं. "बाई, प्लास्टिक घाला, भाजीपाला काढा," म्हणाला. तू मान हलवलीस. "प्लास्टिक नको. आमच्याकडच्या उन्हात आत भट्टी होईल. वरून हिरवी जाळी, चारी बाजूंनी जाळी. वारा आला पाहिजे, पण दमाने." सगळं तुझ्या डोक्यात तयार होतं. मी फक्त नटबोल्ट सोडवायचे होते.

तेवढं मी केलं. आणि तू प्रत्येक पाइपला दवाखान्यातली चिकटपट्टी लावलीस, तिच्यावर पेनाने खुणा केल्यास, म्हणजे जोडताना घोळ नको. अगं, पण शाई तरी पक्की वापरायचीस ना! दोन पावसाळ्यांत एकही खूण उरली नाही. ताडपत्री काढली तेव्हा सगळे पाइप एकमेकांचे भाऊ दिसत होते.

दोन पावसाळे ते तसेच पडून राहिले, कारण पाइप घरी आले आणि तू आजारी पडलीस.

एवढंच विचारायचंय तुला. गावोगाव सगळ्यांचं बीपी तपासत फिरलीस. कुणाच्या पायाला सूज दिसली की घरी जाऊन बसायचीस, त्याला दवाखान्यात नेल्याशिवाय उठायची नाहीस. मग स्वतःला जिना चढताना धाप लागायला लागली, ते मला का नाही सांगितलंस? "वय झालं हो," म्हणायचीस आणि मीही मान डोलवायचो. गाडीचा आवाज जरा बदलला तर मला डेपोच्या फाटकात कळायचा. तुझा कसा नाही कळला? पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर हृदयाचं काय ते समजावत होते आणि तू खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून मान हलवत होतीस, जसं काही पेशंट मीच होतो.

तू गेलीस आणि मी तुझ्या आमऱ्यांची फार काळजी घेतली. फारच घेतली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. तुझं म्हणून जे काही उरलं होतं ते सुकू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. त्या एकामागून एक मऊ पडत गेल्या. पिवळ्या, मग काळ्या. पागोळ्यांच्या बाजूच्या सगळ्या गेल्या.

मग मला वाटलं, आता घर बांधायचं तरी कुणासाठी? मित्रा खारघरहून रोज फोन करत होती. आपली मुलगी तुझ्यावरच गेली आहे, एकदा धरलं की सोडत नाही. "बाबा, इकडे या. तिकडे एकटे काय करताय?" मीही मनातल्या मनात निघालोच होतो.

रेवदंड्याचा एक माणूस आला. मासळी सुकवायला मांडव करायचा होता, त्याला पाइप हवे होते. मी हो म्हणालो. टेम्पो घेऊन आला, आम्ही दोघांनी ताडपत्री ओढली. त्याने सहज विचारलं, "काका, हे आणलं कशाला व्हतं?"

आणि शैला, मी सांगायला लागलो. कमानी कुठे येणार, दार कुठल्या बाजूला, मधून चालायला वाट, दोन्हीकडे आडव्या दांड्या, त्यांवर आंब्याच्या फांद्यांचे तुकडे, त्यांवर तुझ्या आमऱ्या. मे महिन्यात वेण्या सुटल्यावर तू तिथे खुर्ची टाकून बसणार होतीस, तेही सांगितलं. मी हाताने हवेत सगळं आखून दाखवत होतो. चहा निवून गेला. तो ऐकत उभा होता, पाइपला हातही न लावता.

शेवटी म्हणाला, "काका, तुमाला तर सगळा तोंडपाठ हाय. मंग बांधा ना. इकताय कशाला?"

आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला! त्याचं नावही विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी इक्बालला बोलावलं. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये बुडवले, वाकलेल्या कमानी त्याने सरळ केल्या, फुटलेल्या सांध्यांना टाके मारले. कुठला पाइप कुठे, हे लावून बघत, काढत, पुन्हा लावत ठरवलं. पंधरवड्याने सांगाडा उभा राहिला आणि मी बायकोला नवी साडी घेतलेल्या माणसासारखा त्याच्याभोवती फिरलो.

मग एका दुपारी समुद्रावरून वारा सुटला. मी धावत पोचलो तोवर आख्खा सांगाडा एका कुशीवर कलला होता. माझ्या डोळ्यांसमोर दोन कमानी सुटून बांधावर पडल्या. मी तिथेच गवतात बसलो. रडलो म्हणालीस तरी चालेल.

इक्बाल आला, चारी बाजूंनी फिरून बघितलं. "मेस्त्री, तुमच्या एसटीला चाकं असतात. ह्याला पाय कुठे हायत?" बरोबर होतं. पाया म्हणून मी नुसते खड्डे करून माती दाबली होती. घाई झाली होती मला. कसली घाई, तेही आता कळत नाही. उलगडलं सगळं. खोल खड्डे घेतले, खडी-सिमेंट ओतलं, आणि मुळापासून पुन्हा सुरुवात केली.

त्याच सुमारास मित्रा सुट्टी घेऊन आली, आधी न कळवता. मी शिडीच्या वरच्या पायरीवर.

"बाबा, प्लीज खाली या."

"एवढा बोल्ट आवळतो."

"खाली या म्हणते ना! आईच्या हट्टापायी आता तुम्हीपण जाणार आहात का?"

बोलून गेली आणि तिचाच चेहरा उतरला. मी खाली आलो. इक्बालने पक्कड खिशात घातली आणि चहा प्यायला म्हणून निघून गेला. आम्ही दोघं त्या अर्धवट कमानींखाली उभे. तू गेल्यापासून आम्ही एकमेकांशी जेवलीस का, औषध घेतलंत का, यापलीकडे बोललोच नव्हतो गं.

मी म्हणालो, "मित्रा, मला दुसरं काही करता येत नाही. पाने फिरवता येतात, तेवढंच करतोय."

ती वळली आणि घरात गेली. बाहेर आली ती तुझी गोधडीची मोठी सुई आणि सुतळी घेऊन. जाळीच्या पट्ट्या मांडीवर घेऊन शिवायला बसली, तुझ्यासारखीच, एक पाय पसरून. बऱ्याच वेळाने मान वर न करता म्हणाली, "आई मला काय सांगायची माहितीये? म्हणायची, तुझ्या बाबांना प्रेम करायचं म्हणजे ओतायचं एवढंच कळतं. झाडाला तहान तरी लागू द्यावी ना माणसाने!"

आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मीही. तू माझ्याबद्दल लेकीशी काय काय बोलत होतीस, ते आता असं तुकड्यातुकड्याने हाती लागतंय.

ती चार दिवस राहिली. जायच्या दिवशी पडवीत उरलेल्या आमऱ्या आम्ही दोघांनी नव्या फांद्यांवर बांधल्या. फार नाहीत, पण आहेत. मुळं पांढरी पडली की पाणी, हिरवी असली की नाही. तिने शिकवलं मला. तिला तू शिकवलं होतंस. मग मलाच का नव्हतंस शिकवलं? की शिकवलं होतंस आणि माझं लक्ष तुझ्या तोंडाकडे होतं?

जाळी पुरी चढली नव्हती तेव्हापासूनच बायका यायला लागल्यात. तुझ्या उपकेंद्रातल्या आशाताई आधी आल्या, वादळवाऱ्यात मोडलेली फांदी घेऊन, तिच्यावर बोटभर रोप. परवा हरिहरेश्वराकडची एक बाई रिक्षा करून आली. "सिस्टर बोलल्या व्हत्या, असा काय दिसला तर टाकू नको, मला दे. आता कोनाला देऊ?" मी पुढे होऊन घेतलं. दांडीवर जागा केली. ती आत जाऊन बराच वेळ उभी राहिली, पदर तोंडाला लावून. मी बाहेर थांबलो.

अजून एकही वेणी सुटलेली नाही. ह्या वर्षी सुटेल असं मित्रालाही वाटत नाही. पण मुळांची टोकं हिरवी आहेत, रोज सकाळी बघतो.

आशाताईंनीच सुचवलं, सिस्टरच्या नावाची पाटी लावा दारावर. मला पटलं. मी श्रीवर्धनच्या पेंटरकडे गेलो. त्याने पत्रा पुसला, ब्रश भिजवला, तुझं नाव विचारून घेतलं आणि म्हणाला, "नावाच्या आधी कालकथित लिहायचं ना?"

मी तसाच उठून परत आलो, शैला. तो हाका मारत राहिला.

कसं लिहू देऊ? संसारभर तुझ्या नावाच्या आधी सिस्टर लागलं, तेच मला फार वाटायचं. आता आपल्यात कैलासवासीच्या जागी लिहितात तो हा शब्द! तो एकदा पत्र्यावर वाळला की पुसता येणार नाही.

पण ज्या बायका रोपं घेऊन येतात, त्यांना दारात उभं राहून तुझं नाव वाचायचंय. त्यांचाही तुझ्यावर हक्क आहे, हे मला कबूल करावं लागतंय. म्हणून वचन देतो. मित्राने बोलावलंय तसा आठवडाभर खारघरला जाऊन येईन, पाहुणा म्हणून. इक्बालने झाडांकडे बघायचं कबूल केलंय. परत आलो की थेट पेंटरकडे जाईन. तो विचारेल त्याला या वेळी हो म्हणेन, आणि तो शब्द लिहून होईपर्यंत दुकानातून उठणार नाही.

तेवढा वेळ मला दे.

तुझाच,
अहो