म्हणणं देऊन आलो

दि. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. चष्म्याची काडी तुटली होती. ती तुझ्या आत्याने दोऱ्याने बांधून दिली, आणि मग माझं अक्षर मलाच नीट दिसू लागलं, म्हणून लिहायचा धीर होईना. फोन करा म्हणशील, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो.

तू कायद्याच्या वर्गाची प्रतिनिधी झालीस, आनंद झाला. आत्या म्हणते, प्रतिनिधी म्हणजे सगळ्यांच्या वाटची बोलणी एकट्याने खायची. तरी जेवणही वेळेवर करत जा.

एक लहानशी गोष्ट. कोर्टातून कागद आला आहे. दुकानाच्या जागेच्या मालकाचा धाकटा मुलगा म्हणतो, माझं दुकान बंदच असतं, म्हणून खोली सोडावी. बंद कसं? शिलाई मशीन दुरुस्तीला कुणी येवो न येवो, मी रोज उघडतो. कान गेले, पण मशीनवर हात ठेवला की कुठे अडतंय ते बोटांना अजून कळतं. त्या खोलीबाहेर मी कोण? आत्याच्या घरातला एक म्हातारा. कागदात लिहिलंय, ‘आपले म्हणणे वीस तारखेपर्यंत द्यावे.’ म्हणजे मी काय करू? तुझ्या बाबाला कळवलं नाही. तो लगेच म्हणेल, बरं झालं, सोडून द्या. आधी तुझ्या सभा, मग हे. पण विसरू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

आबा


दि. ११ फेब्रुवारी

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

अजिबात घाबरू नका. वीसच्या आत कोर्टात जा आणि म्हणणं देऊन या, एवढंच. पुढचं मी आल्यावर बघू.

इथे नुसती धांदल आहे. शिकवणं सुधारायला विद्यापीठाने काय करावं, ते आम्ही सगळे प्रतिनिधी मिळून ठरवतोय. मला वाटतं, दुसऱ्या वर्षापासूनच मुलांना कोर्टात नेऊन बसवावं. तिसऱ्या वर्षात एक उंच मुलगा आहे, त्याला सगळे जिराफ म्हणतात. त्याला एक खोली हवी आहे, जिथे खरी माणसं खरे कागद घेऊन येतील आणि आम्ही ते त्यांना समजावून सांगू. आबा, चार वर्षं होत आली, पण मी अजून एकही खरी नोटीस हातात धरलेली नाही. सर हसले. म्हणाले, हे विद्यापीठ आहे, वकिलाचं दुकान नाही. मला तुमचं दुकान आठवलं. तुम्ही निदान मशीन उघडून तरी दाखवायचात.

लोभ असाच राहू द्या.

तुमची भिंगरी


दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल गेलो आणि म्हणणं देऊन आलो. एक काळजी मिटली.

इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीत शिक्के मारणारा माणूस होता, त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुकानाचं दार तुझ्या आजीने हट्टाने निळं रंगवून घेतलं ते, मी ते रोज उघडतो ते, लोखंडी मशीन आत्याच्या घरी जिन्याने वर नेणं माझ्याने होत नाही ते. भला माणूस. मध्ये दोन-तीनदा काहीतरी म्हणाला, हातही हलवला, तेव्हा मीही मान हलवली. मागची माणसं हसत होती. बहुतेक आजीचा भाग त्यांना आवडला. आत्या विचारते, पोच घेतलीत का? म्हटलं, बोलल्याची कुणी पोच देतं का, बाई!

जिराफाला माझा आशीर्वाद सांग. आहे तशीच राहा.

आबा


दि. ६ जून

ती. आबांस शि. सा. न.

आज काही सुचत नाही. खोली सोडायची असा कोर्टाचा निकाल लागल्याचा आत्याचा फोन आला. तुमचं मागचं पत्र मी तेव्हा पहिल्या ओळीपुरतंच वाचलं होतं. ‘म्हणणं देऊन आलो’ एवढ्यानेच हायसं वाटलं आणि सभेच्या गडबडीत बाकीचं राहून गेलं. ते आज वाचलं. आबा, कोर्टात म्हणणं म्हणजे लेखी उत्तर. कागदावर लिहून, सही करून द्यायचं असतं. तो खिडकीतला माणूस तुम्हाला तेच सांगत असणार. मला हा शब्द इतका पाठ झालाय, की तो कुणाला समजावून सांगावा लागतो हे लक्षातच आलं नाही. तुमच्याकडून काहीच आलं नाही असं धरून निकाल एकतर्फी दिला गेला.

सरांना विचारलं. म्हणाले, कारण देऊन निकाल रद्द करण्याचा अर्ज करता येतो, मानतीलच असं नाही. तो प्रत्यक्षात कसा करतात, ते मात्र एखाद्या वकिलाला विचार.

आमचीही सभा झाली. विद्यापीठातल्या मोठ्यांनी सगळं ऐकून घेतलं, छान बोललात म्हणाले. नोंद घेणाऱ्या बाईंच्या पेनाचं टोपण शेवटपर्यंत निघालं नाही.

मी वकील शोधतेय. तोवर किल्ली कुणाला देऊ नका. माझ्यावरचा जीव काढून घेऊ नका.

भिंगरी


दि. १५ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला पुन्हा उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा किल्ली देऊन झाली होती. कोर्टाची दोन माणसं आली होती. आवाज चढवला नाही, उलट एकाने मशीन उचलायला हात दिला. आता सगळी मशीन आत्याच्या घरात, जायच्या-यायच्या वाटेवर रचली आहेत आणि घरातले अंग चोरून ये-जा करतात. सकाळी चपला पायात घालतो, आणि मग काढून ठेवतो.

तू मनाला लावून घेऊ नकोस. ऐकू मला येत नाही, त्यात तुझा काय दोष? पण तुमच्या सूचनांत माझी एक घाल. त्या खिडकीशी तुमच्यातलं कुणीतरी बसवा, जे कानाशी येऊन मोठ्याने सांगेल, ‘आजोबा, लिहून द्या.’ आणि हे तरी मोठ्यांना तोंडी सांगू नकोस. घरातल्या एकाने सांगून पाहिलं तेवढं पुरे.

म्हणणं मी आता लिहिलं आहे, मागच्या पानावर. कुणाला द्यायचं, आता घेतात का, काही कळत नाही. एका शब्दाशी अडलो आहे. ‘मी दुकान रोज उघडतो’ असं लिहिलं होतं, मग ‘उघडत होतो’ केलं, मग तेही खोडलं. कायद्यात कोणतं धरतात ते तुला माहीत असेल. नसेल तरी तसं लिही. दोन ओळी चालतील, पण लवकर लिही.

वाट पाहणारा,
आबा