बारा गाठींची दोरी

नाशिक,
१४ नोव्हेंबर १९३५

प्रिय इब्राहिम,

खबर ऐकून हसू नकोस. आमचे गणिताचे मास्तर पुण्यास गेले आणि त्यांचा वर्ग माझ्या, इतिहास शिकवणाऱ्याच्या, गळ्यात पडला. काटकोन त्रिकोण आणि त्रिकोणमिती, तीन आठवडे. आधी चिडलो. आता असा रमलो आहे की सभांची दोन आमंत्रणे परत केली.

पहिल्या तासासाठी मी अर्थातच भाषण लिहिले. आपली ‘ज्या’, म्हणजे विलायती ‘साइन’, अरबांकडे गेली, त्यांनी ती जपली, वाढवली, तिथून ती विलायतेला पोचली. आणि आज आमच्याच मुलांनी ती परक्या भाषेत, छडीच्या धाकाने घोकायची! हे मी घरात येरझारा घालत गर्जत होतो. आमची सौ. कुसाबाई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “अहो, हा त्रिकोण आहे की मिठाचा सत्याग्रह? पोरं टाळ्या वाजवतील हो, पण काटकोन कुठाय यात?” भाषण फाडले.

मग आठवली चांदवडची शाळा. गुरुजींचा काटकोन मापायचा गुण्या मोडलेला, आणि तू खिशातून अब्बांची चुन्याने पांढरी झालेली दोरी काढलीस. सारख्या अंतरावर बारा गाठी. टोके जुळवलेली गाठ माझ्या हातात दिलीस, तिथून तिसरी तू धरलीस, सातवी आपल्या वर्गातल्या सावळीरामने. तीन, चार, पाच. ताण दिला आणि तुझ्या मुठीत काटकोन उभा राहिला. तसा काटकोन मी पुस्तकात पुन्हा पाहिला नाही.

म्हणून रविवारी स्वतः दोरी करायला बसलो. हात हात मोजून खुणा केल्या, मग गाठी मारल्या. सुताराचा गुण्या लावून पाहतो तर कोपऱ्यात बोटभर फट! गाठींनी दोरी खाल्ली होती, कुठे कमी, कुठे जास्त. आधी गाठ आणि मग माप, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. पुढचे सगळे बेत मात्र पक्के आहेत. नऊ आणि सोळा मिळून पंचवीस कसे होतात ते मुले चौरस कापून पाहतील. शेवटच्या आठवड्यात मैदानात उभे राहून चिंचेची उंची काढतील, झाडावर न चढता. हे सारे मराठीत! हेडमास्तरांशी भांडून ते मिळवले आहे.

पण पहिला तास अडला आहे, आणि तो दोरीमुळे नाही. त्या दिवशी “गवंड्याची दोरी शाळेत कशाला?” असे ओरडलो तो मीच. वर्ग हसला, मी गाठ सोडली, दोरी तुझ्या पायाशी पडली. माझे पहिले गाजलेले भाषण ते. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आला नाहीस. पुढे मी व्यासपीठांवरून कष्टकऱ्यांच्या मानासाठी घसा फोडला, तुझी माफी मात्र मागितली नाही. तरी तुरुंगातून सुटलो तेव्हा दाराशी पेरू घेऊन तूच उभा होतास. ती माफी आज मागतो. रमजान लागण्याआधी, पंचवीस तारखेच्या सोमवारी, तुझी दोरी घेऊन ये. पहिला तास तू घे. मुलांना आधी ही हकीकत सांगेन आणि मग तासभर गप्प राहीन; कुसाबाईचा यावर विश्वास नाही. जुळवलेल्या टोकांची गाठ मी धरीन. या वेळी सोडणार नाही.

तुझाच,
चिमाजी