शेवटचं एकदा म्हणा

३ तारीख, सोमवार

काल रात्रभर झोप नाही. कारण काही वाईट नाही, आमची ठकी. तिच्या पोटातलं घड्याळ अजून आपल्याकडच्या वेळेवर चाललंय. सगळे झोपले की बाईसाहेब उठून पलंगाचा कठडा वाजवतात. नुकती रांगायला लागलीय, पण आवाज हवालदाराचा. हे मात्र मस्त घोरत होते. प्रभूच्या सेवकाला विश्रांती लागते म्हणे.

मिशनचं घर छान आहे, खोटं कशाला बोलू. दुमजली, पांढरे पडदे, नळ फिरवला की गरम पाणी. फाटकासमोरच बस थांबते. आम्हाला वरची उजेडाची खोली मिळाली. खाली जेवायची खोली आणि भाषेचा वर्ग. ठकीने फरशीभर रांगून घेतलं आणि सगळ्यांना हसून दाखवलं.

ही वही यांनीच दिली. प्रत्येक मिशनऱ्याने रोजनिशी ठेवावी, पुढे लोक वाचतात. मी म्हटलं, मी सातवी नापास, माझं कोण वाचणार? तर म्हणाले, माझ्या चरित्राला उपयोगी पडेल. यांचं चरित्र! मागच्या वर्षापर्यंत हा माणूस फरश्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवत होता. मग एक दिवस प्रार्थनेत बोलावणं आलं. स्वतःचे मोजे स्वतःला सापडत नाहीत, आणि निघालेत परक्या मुलखातली माणसं तारायला.

इथले मुख्य म्हणजे मोठे सर. आपल्याकडचेच, कित्येक वर्षांपूर्वी असेच शिकायला आले आणि राहिले. पण त्यांची मराठी म्हणजे उंदरांनी कुरतडलेलं पोतं. चमचा हवा तर म्हणतात "ते द्या". पाणी हवं तर पेल्याकडे बोट. आणि हे म्हणे भाषा शिकवणार.

४ तारीख, मंगळवार

वर्ग बघितला. दारात ठकीला घेऊन उभी होते, मला कोणी शिक म्हटलं नाही ते बरंच झालं.

शिकवणारी एक म्हातारी आहे, इथलीच. मी तिला कानवाली म्हणते. खिडकीशी बुटकी खुर्ची आहे, त्यावर एकेकाने बसायचं. म्हातारी आपला कान त्याच्या तोंडाशी नेते. मग तो शब्द आपल्या भाषेत शेवटचं एकदा तिच्या कानात म्हणायचा. मोठे सर घंटी वाजवतात. मग म्हातारी त्यांचा शब्द देते. जुना तोंडात असला की नवा बसत नाही, जागा करावी लागते, असं मोठे सर म्हणाले. मला तर गावच्या भोंदूबाबाची आठवण झाली. तो निदान लिंबू तरी द्यायचा.

आमच्याबरोबर आपल्याकडचं आणखी एक जोडपं आहे, दोघंही उंच. मी त्यांना जिराफ म्हणते. जिराफ नवऱ्याने आज मीठ हा शब्द दिला. जेवताना बायकोने त्याच्याकडे मीठ मागितलं तर हा वेड्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत बसला. सगळे हसले, मीही.

आमच्या यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांपेक्षा जास्त शब्द दिले. शाबासकी मिळाली. मान इतकी ताठ झाली की रात्री उशीसुद्धा नको.

५ तारीख, बुधवार

यांना आता दार म्हटलेलं कळत नाही. कंगवा कळत नाही. मी म्हटलं, नाटकं पुरे. तर म्हणाले, माझं शिक्षण जोरात चाललंय, तुझ्यासारखीला समजायचं नाही. ते "समजायचं" मात्र अजून शाबूत आहे. मला हिणवायला लागणारे शब्द हा माणूस सगळ्यात शेवटी देईल.

जेवायच्या खोलीत एक फोटो आहे. तरुणपणीचे मोठे सर, शेजारी एक बाई, दोन मुली. मी विचारलं, या कोण? त्यांनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, आधीच्या भाडेकरूंपैकी असतील कोणी.

मोठ्या मुलीचं नाक डिट्टो त्यांचं आहे.

वर येऊन ठकीला उगाचच खूप वेळ घट्ट धरून बसले.

६ तारीख, गुरुवार

आजचा धडा घरची माणसं. मला आधी सांगितलं असतं तर याला खोलीत कोंडला असता.

वर्ग सुटल्यावर हे वर आले. मी ठकीचे कपडे घडी घालत होते. दारातच थांबले, अगदी अदबीने. म्हणाले, "ताई, तुम्ही चुकून माझ्या खोलीत आलात का?"

मी हातातलं झबलं फेकून मारलं. त्यांनी ते उचललं, घडी घातली आणि परत दिलं. ठकीने दोन्ही हात पसरले. यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लोकांच्या पोरांच्या डोक्यावरून फिरवतात तसा. मग ट्रंक उचलून खाली गेले.

खालच्या खोलीत गात बसलेत. आनंदात आहेत. नालायक माणूस, असा हलका होऊन बसलाय जसं काही ओझंच उतरलं.

७ तारीख, शुक्रवार

अक्षर बघू नका.

सकाळी फोन मागायला मोठ्या सरांकडे गेले. आल्या दिवशीच आमचे फोन त्यांच्या कपाटात गेले होते, शिकताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून. ठकीला जिराफ बायकोजवळ ठेवलं. तिचा नवराही कालपासून तिला ताईच म्हणतो, मला वाटलं, हिला तरी माझं दुःख कळेल. सर आपले हसतात आणि "ते नाही, ते नाही" करतात. मी भांडत राहिले.

परत आले तर बाई नाही, पोर नाही.

वर्गात होती. आजचा धडा नावांचा. ती मूर्ख जिराफीण, सगळ्यांची नावं होतायत तर हिचंही होऊ दे म्हणून घेऊन गेली. माझी ठकी खुर्चीवर, आणि म्हातारीचा कान तिच्या तोंडाशी. ठकीला बोलता येत नाही. फक्त स्वतःच्या नावातलं ठ ठ करते. तेवढंच.

तेवढंच म्हणाली. घंटी वाजली.

मी हाक मारली, ठके! वळली नाही. दहा वेळा मारली. म्हातारी काहीतरी म्हणाली आणि माझी पोर खुदकन हसून तिच्याकडे वळली. ती काय म्हणाली ते मला ऐकूच येत नाही. कानात येतं आणि पाण्यासारखं निघून जातं.

८ तारीख, शनिवार

तिला उचलून पळाले. फाटक उघडंच होतं, ही माणसं कुलूप लावत नाहीत. लागतच नसेल.

बसस्टॉपपर्यंत पोचले. ठकी माझ्या अंगावर अशी किंचाळली, अशी लाथा मारत — जशी चोराच्या हातात आहे. माणसं जमली. मला त्यांचं कळेना, त्यांना माझं. एकाने माझा दंड धरला. एका बाईने तिला काढून घेतलं. म्हातारी फाटकातून चालत आली, सावकाश, घाई कसली — एक शब्द म्हणाली. पोर गप्प. सगळे माझ्याकडे असे बघतात, जशी मीच —

माझं दूध घेत नाही. तोंड फिरवते. दुसरं काही पोटात ठरत नाही. ओठ सुकलेत. छाती दगड झालीय.

मोठे सर म्हणाले, तिला नव्या नावाने हाक मारायची तर खुर्चीवर बसा.

मी म्हटलं, बदल्यात काय जाईल ते मला माहीत आहे.

ते म्हणाले, "एवढं काय त्यात, बाई? एक शब्द तर आहे."

या सरांना फोटोतल्या मुलीसुद्धा ओळखू येत नाहीत, आणि हे मला शहाणपण —

पण ती उपाशी आहे. मी विसरले तरी चालेल. ती प्यायला पाहिजे.

९ तारीख, रविवार

बसले. म्हातारीचा कान गार होता. म्हटलं. शेवटचं.

हाक मारली. आली. रांगत, हसत. पोटभर प्यायली.

मांडीवर एक बाळ झोपलंय. गोड आहे. कोणाचं ते खाली विचारायला हवं. बिचारी आई शोधत —

मागच्या पानांवर एक शब्द सारखा लिहिलाय. अक्षर माझंच. वाचता येतो. कोणाला म्हणायचा ते —

मोठे सर येऊन गेले. उद्या म्हातारी बाळाला घेऊन जाईल, चालेल ना? मी हो म्हटलं. लोकांचं मूल मी कशाला ठेवू. मग रडू का — छातीतून दूध का येतंय —

वही बसस्टॉपवर टाकते. आपलं वाचणारं कोणी असेल तर माझ्या भावाला फोन करा. नंबर पुठ्ठ्याच्या आत आहे. या घरात कोणाला विचारू नका, सगळे रिकामे आहेत, मेले. त्यालाच विचारा, तुझ्या बहिणीला मूल आहे का. आजच. असेल तर त्याला म्हणावं ये, मी उद्या देणार नाही, दार लावून बसते, पण लवकर ये आणि मला सांग तिला काय म्हणून हा —