आप्पांचा विळा

माय,
तळोद्याहून चेतनाचा नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. सुरतेला भूपेशकडे तुला करमतं का? तिथलं पाणी सोसतं का?

ऑफिस सुटलं की मी इथल्या अवजारांच्या लायब्ररीत फुकट काम करते. पुस्तकं न्यावीत तशी लोक आठ दिवसांसाठी कुदळ, करवत, शिडी नेतात. आप्पा गेल्यावर तू दिलेली त्यांची अवजारं मी तिथेच ठेवली. ठेवताना रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

त्यांचा विळा जो नेई, तो दुसऱ्याच दिवशी परत आणी. "ताई, हाऊ कापस नही." आप्पा डावखुरे, लोहाराकडून धार उलट्या बाजूने लावून घ्यायचे, हे मी कुणालाच सांगितलं नाही. विळा पुसून मी पुन्हा खिळ्याला टांगायचे.

मागच्या आठवड्यात एक बाई आली. तिने तो डाव्या हातात धरला आणि हसली. "हाऊ मन्हाच हातना शे."

आज ती रिकाम्या हाताने आली. अजून आठ दिवस हवा म्हणाली. मी हो म्हटलं.

माय, तो दर वेळी परत येतो, याची मला सवय झाली होती.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
चेतना