मालाक्काच्या पाकिटाचा फोटो

रवि., ८ मार्च

सकाळी जावई आले. बरोबर शीतल नाही. लेकीला घरी ठेवून जावई एकटाच सासुरवाडीला येतो तेव्हा काहीतरी काम असतं. निघालंच. "मामा, मामींची चटणी आता ऑनलाइन घालायची. पुण्या-मुंबईची लोकं मागवतील."

घाला म्हटलं. तर म्हणे तसं होत नाही. आधी ब्रँड नोंदवायचा, ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीकडं. त्याला ट्रेडमार्कचा अर्ज लागतो, आणि पाकिटाचा फोटो. पाकिटावर नाव छापलेलंच पाहिजे. फोटो खराखुरा, हातात धरून काढलेला. कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र चालत नाही.

आमच्याकडं पाकीट कुठाय? गिऱ्हाईक घरचा स्टीलचा डबा आणतं, त्यावर त्यांच्याच घरचं नाव कोरलेलं असतं. त्यात चटणी भरून देतो. आजवर आमचं नाव कशावरच लिहिलेलं नाही.

सौ. लगेच व्हय म्हणाली. साडी घ्यायला दोन दुकानं पालथी घालणारी बाई. लगेच कशी काय.

बुध., ११ मार्च

चटणी कांडायला डंकावर गेलतो. मिरची संकेश्वरी आणि ब्याडगी, दोन्ही मीच बाजारातनं निवडून आणलेली. भाजणं, कांदा-लसूण, मीठ-मसाल्याचं माप सौ.चं. कांडून होईपर्यंत डंकाजवळनं हलायचं नाही हा माझा नियम. लघवीलासुद्धा नाही. डोळा चुकला की आपली मिरची दुसऱ्याच्या पाटीत. सूत गिरणीच्या गेटवर जन्म गेला लोकांच्या पिशव्या तपासण्यात, मला कोण शिकवणार.

तिथं दत्तू भेटला. गिरणीतला जुना माणूस, आता तालमीच्या कट्ट्यावर बसून असतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, शिरोळला त्याची मेव्हणी पापड करते. भाच्यानं असंच ऑनलाइन करून देतो म्हणून अर्ज भरला, स्वतःच्या नावानं. आता पापड तिचे आणि नाव भाच्याचं. "ज्याच्या नावानं अर्ज त्याचा ब्रँड. तू बस मिरची राखत."

शिंका येत होत्या, त्यात हे. घरी येईपर्यंत डोकं गरम.

रवि., १५ मार्च

जावई परत आले. आज शीतल पण. नाव ठरवायची बैठक. मी म्हटलं, त्यात काय ठरवायचं, "चौगुले चटणी". सगळी पेठ चौगुल्यांची चटणीच म्हणती.

जावयांनी सौ.कडं बघितलं. सौ.नं शीतलकडं. मग जावई घसा साफ करून म्हणाले, "मामा, चौगुले नावाचे लई हाईत. 'मालाक्का' कसं वाटतंय?"

मालाक्का म्हणजे सौ. मालती, गल्लीत सगळी मालाक्का म्हणतात. बरं आहे म्हटलं. काय म्हणणार? जावयाला तोंडावर न्हाय म्हणायची आमच्यात रीत नाही. दुसरा कोण असता तर सांगितलं असतं.

जेवण झाल्यावर हात धुवायला मागं गेलतो, तर आतनं जावयांचा आवाज. "मामी, ओटीपी आला का?" सौ.नं हळू आवाजात आकडे सांगितले. मी आत आलो तशी दोघं गप्प.

संध्याकाळी विचारलं, ओटीपी कसला ग? म्हणाली, "गॅसचा."

गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर. नंबर माझा. गॅसचा ओटीपी तिच्या फोनवर कसा येईल?

मंगळ., १७ मार्च

शीतलला फोन. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, अर्ज कुणाच्या नावानं भरला? "ते बघत्यात की पप्पा. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेताय?"

माझी पोरगी. लहानपणी चिंच खाल्ली तरी येऊन सांगायची. आता ते बघत्यात.

जावयांना सरळ विचारावं तर उद्या शीतलला ऐकावं लागेल, तुझ्या बापानं चोर ठरवलं मला. म्हणून गप्प. पण रात्रीचं जेवण गेलं नाही.

गुरु., १९ मार्च. पाडवा.

पाकिटं छापून आली. लाल, त्यावर पिवळ्या अक्षरात मालाक्का. दिसायला झ्याक आहेत. खाली बारीक अक्षरात घरचा पत्ता. चौगुले कुठंच नाही, दोनदा बघितलं.

सौ.नं पहिलं पाकीट भरून देवापुढं ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. जावई म्हणाले फोटोला दुसरं पाकीट घेऊ. सौ. म्हणाली, "पूजा झालेलंच घ्या. पाडव्याचं पहिलं पाकीट हाय." सौ.नं पाकीट हातात धरलं, त्यांनी काढला फोटो. समोरनं, मागनं.

माझा एक पण नाही काढला. उभा होतो तिथंच, नवा शर्ट घालून.

मंगळ., २४ मार्च

कंपनीनं फोटो नापास केला. नाव स्पष्ट दिसत नाही म्हणे. मालाक्कातला 'ला' पूर्ण कुंकवाखाली.

आता माझं डोकं असं चालतंय. जावई कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला, दिवसभर हेच करतात. त्यांना कळलं नसेल का कुंकवानं नाव झाकलं म्हणून? मुद्दाम लांबवत नसतील कशावरनं? तोवर तिकडं स्वतःच्या नावानं काहीतरी...

दत्तूला सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला. त्याच्या हं मध्ये सगळं आलं.

गुरु., २६ मार्च

बंदोबस्त केला. स्टिकर छापून आणले, सोनेरी. "मालक : श्री. चौगुले, कोल्हापूर." सौ. भजनाला गेलती तेवढ्यात सगळ्या भरलेल्या पाकिटांवर नावाच्या बरोबर खाली चिकटवले. फोटोतच मालकाचं नाव आलं की उद्या कोण काय बोलणार? कंपनीकडंच पुरावा.

सौ.नं आल्यावर बघितलं. भाकरी थापायला बसली. भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

रवि., २९ मार्च

जावई फोटो काढायला आले. पाकीट उचललं, स्टिकर बघितला. माझ्याकडं बघितलं.

"मामा, हे जरा..."

"काय?"

"न्हाय, काय न्हाय. चांगलं दिसतंय."

काढला फोटो, दिला पाठवून. जाताना चपला घालताना सौ. त्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोलत होती. ते मान हलवत होते. मला बघून दोघांनी हवेचा विषय काढला. ऊन लई वाढलंय म्हणे.

गुरु., २ एप्रिल

परत नापास. चिकटवलेलं चालत नाही, नाव पाकिटावर कायमचं पाहिजे. स्टिकरमुळं आख्ख्या छापील नावावरच त्यांनी संशय घेतला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मी म्हटलं, "जावयांना हे आधी म्हाईत असणार. तरी पाठवला कसा? काय चाललंय त्यांचं, मला कळतंय सगळं."

सौ. लसूण सोलत होती. सोलतच म्हणाली, "त्यांस्नी म्हाईत हुतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं न्हाय. सासऱ्याला कसं म्हणायचं, तुमचं नाव काढा म्हणून?"

मी म्हटलं, आणि अर्ज? अर्ज कुणाच्या नावानं आहे?

"माझ्या."

ती म्हणाली, "मीच त्यांना म्हटलं, मामांना सांगू नका. शीतललाबी मीच गप्प बसवलं. ओटीपी गॅसचा नव्हता."

का, म्हटलं. मी काय न्हाय म्हणलो असतो?

"न्हाय म्हणला नसता. सही करायला आधी तुम्हीच बसला असता. घर तुमच्या नावावर, गाडी तुमच्या नावावर, गॅससुदिक तुमच्या नावावर. लोकं डबा घेऊन येत्यात ते मालाक्का हाय का विचारत येत्यात. तुम्हीच दार उघडता, ऐकत न्हाय काय?"

ऐकतो की. रोज ऐकतो.

मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. दत्तू म्हणाला, काय झालं, धरला का जावयाला? मी म्हटलं, तुझ्या मेव्हणीचं तू बघ.

शुक्र., ३ एप्रिल

राग आहे. जावयावरचा उतरला तो कुणावर ठेवायचा कळत नाही. बाजारातनं मिरची कोण आणतं? डंकावर घाम गाळत कोण बसतं? स्कूटरवरनं कळंब्यापर्यंत डबे कोण पोचवतं? हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हीच. मी कवा न्हाय म्हटलं?"



वाईट ह्याचं वाटतंय की तिला लपवावं लागलं. जावयाला सांगता आलं, मला नाही.

दुपारी एकटाच बसून स्टिकर काढले. निघता निघत नव्हते. खाली डिंक राहिला, पाकिटं सगळी खराब. नवीन भरली.

रवि., ५ एप्रिल

जावई कामानं पुण्याला गेलेत. सकाळी त्यांचा फोन. "मामा, आजच फोटो पाठवला तर बरं हुईल. परत परत नापास झालं की अर्ज रखडतोय. तुम्ही काढाल का?" आवाज नेहमीसारखाच. मी मनात काय काय घेऊन बसलो होतो ते त्यांना कळलं असेल का?

काढतो म्हटलं. जपून जा म्हटलं.

सौ. हात धुवून पदराला पुसत अंगणात आली. नवं पाकीट, कुंकू नाही, काही नाही. उजेडाकडं तोंड करून छातीशी धरलं. मी म्हटलं, जरा खाली, अंगठा नावावर आलाय. तिनं अंगठा सरकवला. बोटं लाल, मिरचीनं आयुष्यभर तशीच. हलू नको म्हटलं तर श्वासच धरून उभी राहिली. लग्नात पण एवढी नीट उभी नव्हती.

तीन फोटो काढले. दुसरा चांगला आलाय. नाव लख्ख दिसतंय, लांबनं पण वाचता येतंय. चौगुले कुठंच नाही, मी पण कुठंच नाही. पण मिरचीचा रंग छान आलाय, ती मी आणलेली.

जावयांच्या नंबरावर फोटो लावून ठेवलाय. फक्त बटण दाबायचं राहिलंय. मघापासून फोन हातात घेऊन बसलोय.

आतनं विचारलं तिनं, "गेला का वो फोटो?"

म्हटलं, रेंज न्हाय.

रेंज फुल आहे.